शांत आवाज

बायकोची अर्धशिशी गोळ्यांना दाद देईना, म्हणून डॉक्टरांनी बायोफीडबॅक सुचवलं. कपाळाला वायरी लावायच्या, पडद्यावर आपला ताण बघायचा आणि श्वास सावकाश करत तो उतरवायचा. खिडक्या लावून अंधारात पडून राहणारी ही बाई पुन्हा शाळेत वर्गावर जाऊ लागली. विमा कंपनीने मात्र बिलाबाबत हात झटकले.

"हा उपचार सिद्ध झालेला नाही, सर," फोनवरची मुलगी किळस येईल इतक्या गोडव्याने म्हणाली.

मी तोंडाला येईल ते बोललो. तिचा आवाज तसूभरही चढला नाही.

"एवढं ऐकून तुम्ही शांत कशा राहता हो?"



"कंपनीच आम्हाला दर सोमवारी कपाळाला वायरी लावून बसवते, सर. खूप गुण येतो!"