तिसऱ्या ट्रकचा आवाज

"बॅटरीवाली दाखवूच नका," मिस्त्री म्हणाले. "ती गाडी नव्हे, चाकं लावलेला मिक्सर आहे."

रिमोटच्या गाड्यांच्या दुकानामागे, मोकळ्या अंगणात, टेबलावर तीन छोटे ट्रक मांडले होते. चाकं अधांतरी फिरावीत म्हणून ठोकळ्यांवर ठेवलेले. तिन्हींना खरीखुरी इंजिनं होती; अंगठ्याएवढीच, पण इंधन पिणारी, दोरी ओढली की धूर सोडणारी. चाळीस वर्षं गॅरेज चालवून, वयाच्या साठाव्या वर्षी मिस्त्री आयुष्यातलं पहिलं खेळणं निवडायला आले होते. म्हणून चेहरा मुद्दाम गंभीर ठेवला होता. आणलं होतं मुलीने. गॅरेज आता दोघं मिळून बघत.

"गाडी डोळ्यांनी नाही, कानांनी निवडायची," त्यांनी दुकानदाराला बजावलं आणि खिशातून लांब स्क्रूड्रायव्हर काढला. टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडावर. या स्क्रूड्रायव्हरवरच त्यांचं नाव झालं होतं. गाडी दारात थांबायच्या आत मिस्त्री रोग सांगतात, असं लोक म्हणत. ही बातमी पहिल्यांदा मिस्त्रींनीच सोडली होती, ती गोष्ट वेगळी.

गेली दोनेक वर्षं मात्र कान रजेवर गेले होते. हे आपल्याशिवाय कुणालाच माहीत नाही, अशी त्यांची खात्री होती. हाताला जाणवणाऱ्या थरथरीवर ते वेळ मारून नेत. कुणी काही विचारलं तर "काय?" न म्हणता "बघू" म्हणायचं, असा शोध त्यांनी लावला होता. बहुतेक प्रश्नांना ते चालून जायचं. उघडकीला आलं तर काय होईल, तेही त्यांना ठाऊक होतं. गिऱ्हाईक थेट मुलीकडे जाईल आणि आपल्याला बसायला खुर्ची मिळेल. त्या खुर्चीची त्यांना मनापासून भीती वाटायची.

दुकानदाराने पहिला ट्रक सुरू केला. मिस्त्रींनी डोळे मिटले, मूठ कानामागे टेकवली. "दमेकरी आहे," त्यांनी निकाल दिला. "बंद करा."

"हो बाबा," मुलगी म्हणाली.

दुसरा सुरू झाला. "हा जरा उद्धट वाटतो. राहू दे चालू, तापला की कळेल. तिसरा?"

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. स्क्रूड्रायव्हर तिसऱ्या इंजिनावर टेकवला. हाताला बारीक, एकसारखी थरथर आली. मिस्त्रींचा चेहरा उजळला.

"वा! याला म्हणतात इंजिन. कुठे खरखर नाही, कुठे अडखळणं नाही. कसं गुळगुळीत चाललंय! हाच घेऊ."

निकाल देऊन त्यांनी डोळे उघडले. दुकानदार दुकानातून बाहेर येत होता. त्याच्या हातात प्लग तापवायची कांडी होती.

"काका, सुरू तर करू द्या," तो त्यांच्यासमोर येऊन म्हणाला. "याची कांडी वेगळी, ती आतच राहिली होती."

त्याने कांडी लावली, दोरी ओढली. तेव्हा कुठे तिसऱ्या ट्रकच्या नळीतून धूर निघाला. मघाची थरथर दुसऱ्या ट्रकची होती, टेबलातून आलेली.

मिस्त्रींनी मुलीकडे पाहिलं. तिला जराही आश्चर्य वाटलं नव्हतं. हे त्यांच्या सगळ्यात जास्त जिव्हारी लागलं. वर्षभर प्रत्येक गाडीबद्दलचा त्यांचा निकाल ऐकून ती "हो बाबा" म्हणायची, आणि मग "जरा चक्कर मारून येते" म्हणून तीच गाडी घेऊन जायची.

"म्हणजे तू चक्कर मारत नव्हतीस," ते म्हणाले.

"कोपऱ्यावर उभी करून पुन्हा तपासत होते."

"आणि मी इथे बंद इंजिनाला शाबासकी देतोय." त्यांना रडू यायला हवं होतं, पण हसू आलं. स्वतःची एवढी फजिती त्यांनी कधी पाहिली नव्हती. "चला, आता खुर्ची कुठे मांडायची ते सांग."

मुलीने त्यांचा हात धरला आणि तोंड त्यांच्या कानाजवळ नेलं. "खुर्ची नाही बाबा. शेजारी कानाचे डॉक्टर आहेत. साडेपाचची वेळ घेतलीय. ट्रक नंतर निवडा."

पंधरा दिवसांनी मिस्त्री त्याच अंगणात उभे होते. दोन्ही कानांमागे यंत्रं होती. पहिले दोन दिवस नळ, चमचे आणि शेजाऱ्यांची सून यांनी त्यांना हैराण केलं होतं. स्क्रूड्रायव्हर आज खिशातच होता. एकेक ट्रक सुरू झाला, बंद झाला. डोळे त्यांनी टक्क उघडे ठेवले होते. इंजिन चालू आहे की नाही, हे आता आधी बघून घेत होते.

तिसऱ्यापाशी त्यांनी हात वर केला. "हाच द्या."

दुकानदार खूश झाला. "आवाज आवडला ना काका?"

"भिकार आवाज आहे. मागच्या चाकाचं बेअरिंग वाजतंय. पण दुरुस्त करायला काहीतरी हवं ना मला!"

मुलगी वाकली, कान देऊन ऐकू लागली. मग सरळ उभी राहिली. आज ती "हो बाबा" म्हणाली नाही.

"छे! काही वाजत नाहीये. उगाच काहीतरी."

वर्षभरात पहिल्यांदाच पोरगी त्यांच्याशी वाद घालत होती. मिस्त्रींना किती बरं वाटलं! त्यांनी स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. तिने टोक मागच्या चाकाच्या आसाशी टेकवलं, मूठ कानामागे धरली. क्षणभराने तिच्या भुवया वर गेल्या.

"शेजारीच डॉक्टर आहेत," मिस्त्री म्हणाले. "साडेपाचची वेळ घेऊ का?"