नाल्याचा नमुना

काकांनी चौथी बाटली भरली. नाल्याचं पाणी तपकिरी होतं आणि वर तेलाचा तवंग होता. त्यांनी बूच घट्ट लावलं, चिठ्ठी चिकटवली आणि बाटली खोक्यात ठेवली.

पामतेलाच्या त्या कारखान्यात सगळे त्यांना बाटलीकाका म्हणत. दारूच्या थेंबालाही कधी न शिवलेल्या माणसाला हे नाव पडलं होतं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. वर्षातून एकदा सांडपाण्याचे नमुने सरकारी प्रयोगशाळेला पाठवायचे, हे त्यांचं काम. नमुना कारखान्याच्याच माणसाने घ्यायचा असा नियम होता. नियम करणाऱ्याचं भलं होवो!

बारा वर्षं त्या पांढऱ्या, आरपार न दिसणाऱ्या बाटल्या नाल्यावर भरल्याच गेल्या नव्हत्या. काका रिकामं खोकं घरी नेत आणि काकी परसातल्या पिण्याच्या विहिरीवर बाटल्या भरून देई. अहवाल दर वर्षी झकास येई. साहेब तो चौकटीत घालून फाटकावर लावत. फाटकाखालच्या नाल्यात मेलेले मासे तरंगत असत.

यंदा मुलगी चार महिन्यांच्या लेकीला घेऊन माहेरी आली होती. नात पावडरीच्या दुधावर होती. आजोळी आल्यापासून तिचा जीव तोळामासा झाला होता. दूध प्यायची आणि मलूल पडून राहायची. ओठ निळसर दिसत. डॉक्टरांना हृदयाची शंका होती. तिला मांडीवर घेतलं की काकांना नाल्याचं पाणी पिणारी खालच्या वस्तीतली पोरं आठवत. आपण काय करून बसलो, हा विचार त्यांची पाठ सोडेना.

म्हणून या वेळी त्यांनी खोकं भरूनच घरी आणलं. प्रयोगशाळेची गाडी सकाळी ते दारातून घेऊन जाणार होती.

"भरल्या वाटतं?" काकीने विचारलं.

"भरल्या."

"निवृत्तीला किती राहिले हो?"

"अकरा महिने."

काकीने खोक्याकडे एकदा पाहिलं आणि कणीक मळायला घेतली.

तीन आठवड्यांनी साहेबांनी काकांना बोलावलं. अहवाल टेबलावर होता.

"काका, हे काय? तेलाचं नाव नाही म्हणे, पण नायट्रेट मर्यादेच्या सहा पट. उकळूनही जात नाही, तान्ह्या मुलांच्या जिवाला धोका, असं लिहिलंय. कुठलं पाणी भरलंत?"

"नाल्याचं. या वेळी खरंच नाल्याचं."

साहेबांनी अहवाल मिटला. "नाल्यावरचा भार कमी व्हावा म्हणून तर गेल्या वर्षी तुमच्या घरामागे सांडपाण्याचं नवं तळं खणलं आपण. आणि तुम्ही असे पायावर धोंडा पाडून घेता? उद्यापासून येऊ नका."

काका सावकाश घरी निघाले. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी फाटकावरच्या चौकटीकडे मान वर करून पाहिलं. नोकरी गेली होती आणि मनावरचं ओझं उतरलं होतं.

स्वयंपाकघरात काकी नातीचं दूध कालवत होती. पाणी उकळून गार केलेलं होतं. त्या बाबतीत ती फार काटेकोर.

"नोकरी गेली," काका म्हणाले. "पण बरं वाटतंय बघ. बाटल्या मी नाल्यावरच भरल्या होत्या. आता त्या पोरांना तरी न्याय मिळेल. अहवालात सगळं विष उघडं पडलंय."

काकी गोंधळली. मग तिने नातीला मांडीवर घेतलं आणि दुधाची बाटली तिच्या निळसर ओठांना लावली.

"असं कसं होईल? बूच उघडलं तेव्हा वासावरूनच मला कळलं होतं, अहो. अकरा महिने राहिलेले, म्हणून पहाटे उठून मी ते सगळं ओतून दिलं आणि नेहमीसारखं आपल्या विहिरीचं पाणी भरलं."