माफीची टोपली

वार्सिनीने एका हातात फळांची टोपली घेतली आणि दुसऱ्या हाताने तेगारला ओढतच शाळेच्या बैठकीच्या खोलीत नेलं. क्लातेन गावात आज ऊन नुसतं भाजत होतं, तरी पोराने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली होती.

"काढ ते. चोरासारखा दिसतोयस."

त्याने काढलं नाही.

काल वर्गशिक्षिका एंदाहबाईंचा फोन आला होता. स्काउटच्या शिबिरात घाणेरडा प्रकार झालाय, नको तिथे हात लावण्यापर्यंत गेलं, तेगारला घेऊन या. शरमेने वार्सिनीने पुढचं ऐकलंच नाही. शिबिरावरून आल्यापासून पोरगा तासन्‌तास न्हाणीघरात असतो, जेवत नाही, फोन बंद करून कपाटात टाकलाय. आणखी काय पुरावा हवा? नवरा गेल्यावर एकटीने वाढवलेलं पोर, त्याला शाळेतून काढलं तर?

अशा भानगडी हेडमास्तर यायच्या आत मिटवायच्या असतात. टोपली ठेवायची, मान खाली घालायची, पोरांनी हातात हात द्यायचा. टोपली घेतली की विषय संपला.

आत लाकडाचा व्यापारी सुकिर्नो बसला होता. शेजारी मुलगी लारास, रडून डोळे सुजलेले. तिच्या पलीकडे तिचा भाऊ गालिह, तेगारच्याच वर्गातला, मुठी आवळून.

वार्सिनी टोपली पुढे करून गुडघ्यांवरच बसली. "भाऊ, एवढा अपराध पोटात घाला. बापाविना वाढलंय पोर."

सुकिर्नो गडबडून उठला. "अहो ताई, नका... हे मला देऊ नका." टोपली त्याने मागे सरकवली.

टोपली परत म्हणजे माफी नाही.

"तेगार, गालिहच्या हातात हात दे. माफी माग."

"आई, मी नाही."

"त्या पोरीकडे बघ जरा!"

"काकू, त्याला नका हो काही करायला लावू," लारास हुंदके देत म्हणाली.

"बघ, अजून तुझीच बाजू घेतेय ती!" वार्सिनीने फाडकन त्याच्या थोबाडीत दिली. आयुष्यात पहिल्यांदा. तिचा स्वतःचाच जीव कळवळला.

तेगारने हात पुढे केला. गालिहने तो जमिनीकडे बघत धरला. तेगारला ओकारी आली.

तेवढ्यात दार उघडून एंदाहबाई आत आल्या आणि थबकल्या.

"गालिह! सोड त्याचा हात!"

"राहू द्या बाई," वार्सिनी घाईने म्हणाली, "मिटतंय आता."

सुकिर्नो खाली वाकला. खुर्चीमागून त्याने तशीच फळांनी भरलेली टोपली काढली आणि तेगारच्या पायाशी ठेवली. "ताई, लारासने भावाच्या फोनवर शिबिरातलं सगळं पाहिलं, म्हणून आम्हाला कळलं. माफी मागायला आम्ही आलोय."