सातवा कप

क्लबच्या कपाटात सहा कप होते, पण खेळाडूंच्या जर्सी धुणाऱ्या काकांनी त्यातला एकही जिंकताना पाहिला नव्हता. पहिल्या फायनलला काका आत असतानाच कुणीतरी चुकून त्यांच्या धुण्याच्या खोलीला बाहेरून कडी घातली, आणि संघ जिंकला. झालं! तेव्हापासून दर फायनलला कप्तान हात जोडून हजर, "काका, तेवढं आत बसा. क्लबच्या इतिहासाचा प्रश्न आहे!" मग काका कडीबंद खोलीत देवाचा धावा करत बसायचे, आणि एकदा तरी कप उचलताना बघायला मिळो, एवढंच मागायचे.

यंदा ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी जावई लागला. "हा खुळेपणा आता बंद," म्हणत नव्या कप्तानाने काकांना मानाने पहिल्या रांगेत बसवलं. काकांच्या डोळ्यांचं पारणं फिटलं! पण मध्यंतरापर्यंत संघावर दोन गोल चढले, तसे काका जड पावलांनी खाली खोलीकडे गेले.

"या मामा!" मोज्यांच्या जोड्या लावत जावई म्हणाला. "एवढं आवरलं की वर येतोच. उरलेला खेळ बरोबरच बघू."

काकांनी दार हलकेच ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली आणि म्हणाले, "राग मानू नका, जावईबापू. पहिल्या एक-दोन फायनल जड जातात, मग सवय होते."