खुणेची पुस्तकं

"परत करायला आणलंस ना?" दार उघडता उघडता म्हाताऱ्या ग्रंथपालांनी विचारलं.

पूलबाईंनी मान खाली घालून पिशवी पुढे केली. नदीवरच्या कामावर दोनशे माणसं या बाईंच्या नजरेला टरकून असत. पूलबाई हे नावही त्या माणसांनीच ठेवलेलं. पण या माणसापुढे बाई पुन्हा दहा वर्षांच्या झाल्या. पिशवीत पंचेचाळीस वर्षांपूर्वी वाचनालयातून नेलेलं पुस्तक होतं. फोनवर त्यांनी तेवढंच सांगितलं होतं.

खरं काम वेगळं होतं. उद्या त्यांचा निवृत्तीचा समारंभ होता. ज्या माणसाने आपल्याला घडवलं त्याला पहिल्या रांगेत बसवायचं, असं त्यांनी कधीचं ठरवलं होतं. आणि त्याआधी एक गोष्ट त्याच्याच तोंडून ऐकायची होती.

ग्रंथपालांची सून चहा ठेवून आत गेली. बाई बोलायला लागल्या.

त्यांचे वडील शिंपी. घरात कागद म्हणजे बेतायचा खाकी कागद, वाचायला म्हणून एक अक्षर नाही. आत्याने तर निकालच देऊन टाकला होता की पोरीचा हात कात्रीला छान बसतो, दुसऱ्या मशीनवर हीच बसणार. घरात वाईट कुणी नव्हतं. आजवर सगळे तेच करत आले होते, म्हणून हिनेही तेच करायचं, इतकी साधी गोष्ट होती.

शनिवारी दुपारी समोरच्या वाचनालयात जायला मिळे, तेही पोरीने दुकानात लुडबुड करू नये म्हणून. पहिल्याच शनिवारी ती पोहोचेपर्यंत मोठ्या मुलांनी गोष्टीची पुस्तकं पटकावली होती. हिच्या वाट्याला विहिरींवरचं पुस्तक आलं. तोंड वाकडं करून नेलं, आणि दोन दिवसांत संपवलं. शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीचं एक छोटं वर्तुळ होतं, मध्ये टिंब घातलेलं.

पुढच्या शनिवारी तिने तसंच वर्तुळ शोधलं. सापडलं ते दोरखंडाच्या गाठींवरच्या पुस्तकात. मग दीपस्तंभांवरच्या. मग दगड फोडण्याच्या तऱ्हांवरच्या. खुणेची पुस्तकं सगळ्यांपेक्षा निराळी असत. पानं करकरीत, काही वरून जोडलेलीच. ती पट्टीने सोडवून घ्यावी लागत. मागच्या चिठ्ठीवर तारखेचा एकही शिक्का नसे. आपल्याआधी कुणाला दिलीच नाहीत, आपल्यासाठी जपून ठेवलीत, हे पोरीने ताडलं.

ठेवणारा कोण, हेही उघड होतं. पुस्तक परत केलं की चष्म्याचे ग्रंथपाल मागचा पुठ्ठा उघडत, तिच्याकडे क्षणभर बघत, आणि खणातून खोडरबर काढून ती खूण पुसून टाकत. दोघांमधलं गुपित तिसऱ्याला कळू नये, म्हणून. तिने कधी विचारलं नाही. विचारलं आणि बंद झालं तर काय घ्या.

तीन वर्षांनी वडिलांनी दुकान दुसऱ्या गावी हलवलं. कापडाच्या ट्रंकेत एक पुस्तक चुकून गेलं, पुलांवरचं. नव्या गावात वाचायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून पोरीने ते अकरा वेळा वाचलं. आत्या बोलायची थांबली, पोरगी थांबली नाही. तिचे सात पूल आज वाहतुकीखाली उभे आहेत.

"माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या इंजिनिअरला मी एक पुस्तक देते, काका," बाई म्हणाल्या. "मागे तुमची खूण करून."

ग्रंथपालांनी कप खाली ठेवला. "ती खूण?"

"तीच. वर्तुळ आणि टिंब."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. यांना आठवणींनी भरून आलंय, असं बाईंना वाटलं.

"काका, तुम्ही पुस्तकं निवडायचात कशी?"

"सगळी कपाटं उपसायला लागायची. एकेक पुस्तक काढून मागची चिठ्ठी बघायची."

"एवढा वेळ घालवायचात?"

"कामच होतं ते. पण खूण करताना हात जड व्हायचा बघ. नोकरी सोडायच्या विचारात होतो मी. मग तू यायला लागलीस."

बाईंनी डोळे पुसले. ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं. आता जन्माचं सार्थक झालं म्हणायला हरकत नव्हती. त्यांनी पिशवीतून पुलांचं पुस्तक काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. ग्रंथपालांनी ते समोरून उघडलंच नाही. सवयीने मागचा पुठ्ठा उलटला. वर्तुळ अजून तसंच होतं.

त्यांनी सुनेला हाक मारून नातवाचं खोडरबर मागवलं. खूण पुसली, फुंकर मारून कचरा उडवला, आणि पुस्तक छातीशी धरलं.

"हे एकच राहिलं होतं," ते म्हणाले. "याची काळजी लागून राहिली होती मला."

"पण काका, खूण का पुसलीत? आता तर गुपित राहिलं नाही."

"गुपित कसलं? नियम होता तो. पाच वर्षांत ज्या पुस्तकाला कुणी हात लावला नाही, त्यावर खूण करायची आणि वर्षअखेरीला ते रद्दीत द्यायचं. मध्ये कुणी नेऊन परत आणलं तरच खूण पुसायची." म्हाताऱ्याने तिच्याकडे अपार कौतुकाने पाहिलं. "तुला ठाऊक होतं ना ते? म्हणून तर तू नेमकी तेवढीच शोधून वाचवायला न्यायचीस. एवढीशी पोर, पण तुझ्याकडे बघून मी तीस वर्षं त्या खुर्चीत काढली."