चमच्याचा कप

त्या रविवारी चहा पुन्हा गोड लागला आणि प्रतापच्या मनात पाल चुकचुकली.

त्याला मधुमेह. सुरेखाची पद्धत ठरलेली होती. दोन सारखे कप, बिनसाखरेच्या कपात चमचा. बारा वर्षांत बायकोची एकदाही चूक झाली नव्हती. मग साखर आली कुठून?

शेजारी सोफ्यावर फाँग बसला होता. दोन घरं सोडून राहणारा, मूळचा हाँगकाँगचा, प्रतापसारखाच निवृत्त इंजिनियर. कॅनडातल्या एडमंटनच्या हिवाळ्यात म्हाताऱ्यांनी दुसरं करायचं काय? दर रविवारी दुपारी दोघं बेसमेंटमध्ये चिनी तलवारबहाद्दरांचे सिनेमे बघत. छपरांवरून उड्या मारणारे, शब्दासाठी मरणारे, उपकार करून नावही न सांगणारे वीर. सबटायटल्स वाचून वाचून प्रताप त्यातला पंडित झाला होता. त्या सिनेमांतलं विषही त्याला पाठ होतं. कपात पडतं रविवारी, पाय लटपटतात बुधवारी.

त्याचे पाय ऑक्टोबरपासून लटपटतच होते. चक्कर, गुंगी, दिवसभर झोप. रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. त्यातल्या त्यात रविवारची संध्याकाळ बरी जायची. विष चढायला वेळ लागतोच ना.

मार्चमध्ये घर विकून कायमचं साताऱ्याला जायचं, हे त्याचं वीस वर्षांचं स्वप्न. आता तिकिटंही काढवत नव्हती. अशा तब्येतीत कुठे जाताय, लेक आणि नात इथेच आहेत, असं सुरेखा समजावायची. तिला बिचारीला विचारांनी झोप लागत नसे, गोळी घ्यावी लागे.

फाँगवर तिचा राग होता. चहा टाकला की याला नेमकी स्वयंपाकघराजवळची वॉशरूम कशी आठवते, असं ती कुरकुरायची.

पुढच्या रविवारी सुरेखा ट्रे ठेवून वर गेली. सिनेमा संपला. प्रतापने डीव्हीडी काढायच्या मिषाने पाठ फिरवली आणि टीव्हीच्या काळ्या काचेत बघत राहिला. फाँगने कपांची अदलाबदल केली. मग चमचाही उचलून दुसऱ्या कपात ठेवला.

प्रतापने जाऊन त्याचं मनगट धरलं.

"व्हाय?"

फाँगने जिन्याकडे पाहिलं. वर भांडी वाजत होती. त्याने स्वतःपुढे ओढलेला कप एका दमात रिकामा केला, उजवी मूठ डाव्या तळव्यात धरून सिनेमातल्यासारखा नमस्कार केला आणि बूट चढवून निघून गेला. एवढ्या वर्षांचा दोस्त असा निघाला, याचं प्रतापला रडू आलं. उरलेला गोड चहा त्याने सिंकमध्ये ओतला.

सगळं ऐकून सुरेखा म्हणाली, बरं झालं, पुन्हा दारात उभं करू नका.

मंगळवारी सकाळी फाँगच्या मुलीचा फोन आला. ती नर्स होती. डॅड दोन महिने दर रविवारी घरी येऊन मेल्यासारखे झोपतात, असं तिने सांगितलं. या रविवारी तर उठेचनात, इमर्जन्सीत न्यावं लागलं. आता धोका टळलाय. पण रक्तात झोपेच्या गोळीचं औषध सापडलंय, आणि आमच्या घरात तशी गोळीच नाही. डॅड काही बोलायला तयार नाहीत. अंकल, यू नो एनीथिंग?

प्रतापने फोन खाली ठेवला. सुरेखा केव्हाची शेजारी उभी होती. चमच्याचा कप तिने त्याच्या हाताजवळ सरकवला.

"घ्या ना," ती म्हणाली. "गार होतोय."