समुद्रासमोरचं घर

टीव्हीवरच्या चर्चेआधी मेकअपच्या खोलीत आम्ही दोघं कॉलरला टिश्यू खोचून शेजारी बसलो होतो. मी समुद्राची पातळी मोजणारा, आणि ते पवनचक्क्यांना विरोध करणारे प्रवक्ते.

"आता कॅमेरा नाहीये, खरं सांगा," ते हळूच म्हणाले. "लेक बंदरापलीकडच्या नव्या टॉवरमध्ये घर घेतेय. घेऊ दे का?"

"चुकूनही नको. तिथे पाणी शिरणार."

त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. "अगं, नको म्हणून कळव त्यांना. जाणकार माणसाला विचारलंय मी."

मग स्टुडिओत तासभर त्यांनी माझी सालटी काढली. समुद्र चढतोय ही शुद्ध थाप, पवनचक्क्या खपवायला उठवलेली! प्रेक्षकांनी टाळ्या पिटल्या.

बाहेर येतोय तोच मुलाचा फोन.

"बाबा, रागावू नका, पण तुमच्यापेक्षा त्यांचंच पटलं आम्हाला. तुमच्यामुळे उगाच अडून बसलो होतो. बंदरापलीकडच्या टॉवरमधलं घर आत्ताच पक्कं केलं. सगळी गेली होती हो, पण नशीब बघा आमचं...



"...तासाभरापूर्वीच कुणीतरी एक सोडलं म्हणे!"